तिसरा

यरुहामच्या वाचनालयात मंगळवारी रात्री
आठजण येतात, कधी पाचच.
हीटर एक; तो हेमदाबाईंच्या पायाशी.
मी चहा ठेवते आणि कपाटांमागे थांबते,
कुलूप लावणं माझ्याकडे आहे म्हणून.

तीन आठवडे झाले, त्यांचं पान उलटत नाही.
भर दुपार. तंबूच्या दारात एक म्हातारा.
डोळे वर करतो तर समोर तीन माणसं,
येताना दिसली नाहीत, उभीच दिसली.
तो धावतो.
बघतो तिघांना, बोलतो एकाशी,
आणि पाय धुवा म्हणतो ते पुन्हा सगळ्यांना.

हेमदाबाई फळ्यावर फक्त क्रियापदं लिहितात.
खाल्लं त्यांनी. विचारलं त्यांनी, बायको कुठे आहे.
आणि लगेच खाली: म्हणाला.
"कोण म्हणाला? कर्ता सापडेपर्यंत
देवदूत हा शब्द कोणी काढायचा नाही.
पोथीत तो इथवर आलेला नाही."

येशी, दवाखान्यातली नर्स, बोटं मोडत म्हणते,
संध्याकाळी त्या गावच्या वेशीत दोघेच पोचले.
निघाले होते तीन.

"एक मागे राहिला. घासाघीस करत,
पन्नासांवरून दहांवर."
मग बाई समासातली जुनी नोंद दाखवतात.
म्हातारा उभा राहिला, असं आपण वाचतो;
आधी म्हणे उलट होतं,
पाहुणाच त्याच्यासमोर ताटकळला होता.
नक्कल करणाऱ्यांना ते बरं दिसेना.
त्यांनी जागा बदलल्या,
आणि बदलल्या, हेही सांगून ठेवलं.
मला ही माणसं आवडली.
कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणारी.

त्याहून आवडते ती पडद्याआडची.
पीठ तिने मळलं, पंगतीत ती नाही.
आतल्या आत हसली, तेही कोणीतरी ऐकलं.
मी नाही हसले, म्हणाली.
हसलीस, म्हणाला.
इथेही कोण ते नाही.

मसूद ओहायोन सहसा बोलत नाहीत.
एकतीस वर्षं फॉस्फेटच्या खाणीत;
खोकला येतो, मत येत नाही.
त्या रात्री म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे."

हीटरची घरघर तेवढी राहिली.

"माझ्याकडे आले होते. दुपारीच.
दोघे गणवेशात, एक डॉक्टर.
येताना दिसले नाहीत. दार उघडलं तर उभे.
तीन आहेत हे कळलं मला,
पण बघत होतो एकालाच. कुठल्या, ते विचारू नका.
बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं.
पाणी आणलं, खजूर आणले, कालचा पाव, ऑलिव्ह,
जे होतं ते आणत राहिलो.
तोंडात घास असेपर्यंत माणूस सांगत नाही,
एवढं सुचलं.
फोर्तुना आत होती, हात पिठात.
तिने आतूनच ऐकलं.
कोण बोललं तिघांपैकी, आजही सांगता येत नाही.
तिलाही विचारलं एकदा, बारा वर्षांनी.
वाक्य आलं, म्हणाली."

हेमदाबाईंच्या हातात खडू तसाच.
फळ्यावर म्हणाला, त्याच्याआधी मोकळी जागा.

खूप वेळाने येशी, पुस्तकाकडे बघत:
"म्हणून धावला असेल तो.
वासरू, दूध, लोणी, तीन मापं पीठ.
आपण याला पाहुणचार म्हणत होतो."

कोणी उत्तर दिलं नाही. पान उलटलंही नाही.
मी कप गोळा केले. मसूदचा भरलेला होता.
दिवे मालवण्याआधी मी दार उघडून पाहिलं,
का ते माहीत नाही. कोणी नव्हतं.
दिव्याखाली त्यांची जुनी सुबारू,
थंडीत सुरू न होणारी.
बाईंनी पुस्तकं माझ्या हातात दिली, मी पायरीवर ठेवली,
येशीने बाह्या सारल्या,
आणि आम्ही मागून ढकलू लागलो.
चढापाशी ती गुरगुरली.
खिडकीतून हात बाहेर आला, एकच,
आभार कोणाचे मानले ते कळलं नाही.